कोंकण किनाऱ्यावरील आगबोटींचे अपघात आणि संशोधकाचीं कर्तव्यें

पानिपतच्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांस ज्या सांकेतिक पत्रानें कळली असें परंपरा सांगते, त्या पत्रांत मोत्यें किती गळालीं व मोहरा किती गमावल्या यांचा आंकडा आहे. रुपये व खुर्दा यांची मात्र गणतीच नाहीं असें म्हटलें आहे. सार्वजनिक आपत्तीची नोंद करण्याची आपली रीत कशी होती हें या एका पत्रांत पुरतें दिसतें. सरदार मोजले जातात, नामांकित वीरांचीं नांवें राहतात, आणि ज्यांच्या घरीं त्या दिवसापासून चूल पेटली नाहीं ते असंख्य लोक ‘खुर्दा’ या एका शब्दांत संपतात. १७६१ सालच्या खुर्द्याची गणती आतां कोणाच्यानें होणें नाहीं. परंतु आगबोटींच्या काळांत आपल्या किनाऱ्यावर ज्या आपत्ति कोसळल्या, त्यांतील खुर्द्याची गणती अद्याप होण्याजोगी आहे. ती करावयाची तर साधनें कोणतीं, त्यांचा ताळा कसा घ्यावा, आणि ती करतांना संशोधकानें कोणती मर्यादा पाळावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत मालवण किनारा डोळ्यांपुढें ठेवून केला आहे.

(१) विषयाची व्याप्ति

१९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाली, तोंपर्यंत या किनाऱ्यास लोहमार्ग नव्हता. देवगड, मालवण, वेंगुर्लें हीं बंदरें मुंबईशीं जोडलीं गेलीं तीं आगबोटीनें. बोट धक्क्यास लागत नसे. खडकांपासून दूर खोल पाण्यांत ती उभी राही आणि उतारू पडावांतून तिच्याकडे जात. गिरणीचा चाकरमानी, त्याची म्हातारी आई, बाळंतपणास माहेरीं निघालेली सून, शिमग्यासाठीं घेतलेलें लुगडें, आंब्याच्या करंड्या, हें सर्व त्याच डेकवर असे. या वाहतुकीच्या इतिहासांत तीन दिवस विशेष ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत.

पहिला, ता. ८ नोव्हेंबर १८८८. शेफर्ड कंपनीची ‘वैतरणा’ नांवाची आगबोट कच्छांतील मांडवीहून मुंबईस येत असतां सौराष्ट्राच्या किनाऱ्यानजीक वादळांत सांपडली व नाहींशी झाली. तिजवर विजेचे दिवे असल्यानें लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. ही घटना गुजरातची खरी. परंतु ‘शेफर्डच्या बोटी’ आपल्या किनाऱ्यासही परिचित होत्या, आणि या अपघाताचा अभ्यास आपणांस पुढें उपयोगी पडणारा आहे. दुसरा दिवस ता. ११ नोव्हेंबर १९२७. त्या एकाच दिवशीं ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या दोन आगबोटी बुडाल्या. तिसरा ता. १७ जुलै १९४७. लोक जिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत, त्या इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ‘रामदास’ सकाळीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटून बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. शहर एवढें जवळ असून तेथें बातमी पोंचण्यास कित्येक तास लागले, आणि ती आणली ती पोहून व कोळ्यांच्या होड्यांतून वांचून आलेल्या लोकांनीं.

यांपैकीं दोन दिवस नोव्हेंबरचे आहेत हें लक्षांत घ्यावें. नारळी पौर्णिमेस सागराला नारळ वाहिला कीं समुद्र शांत झाला, अशी आपली समजूत. परंतु पावसाळा सरल्यावर अरबी समुद्रांत वादळें उठतात. २००९ सालीं ‘फयान’ वादळ कोंकणावर आलें तेंही ११ नोव्हेंबरलाच, आणि त्यांत मच्छिमार गेले. तात्पर्य, हा विषय केवळ पुराणवस्तूंचा नव्हे. ज्यांचीं माणसें समुद्रांतून परत आलीं नाहींत अशीं घरें या किनाऱ्यावर आजही आहेत, आणि संशोधक वही घेऊन जातो तो त्याच दारांत.

(२) संख्येविषयीं

आपत्तीच्या अभ्यासांत पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती गेले’ हा, आणि सर्वांत कच्चें उत्तर मिळतें तेंही याच प्रश्नाला. ‘वीजळी’वर गुजरातींत विलापगीतें झालीं, तीं घरोघर गायिलीं गेलीं, आणि लोकांच्या तोंडीं मृतांची संख्या तेराशें अशी रूढ झाली. पुढें कागदपत्रांवरून शोध घेणाऱ्यांस ती साडेसातशेंच्या आसपास आढळली. येथें गीत खोटें ठरलें असें म्हणून तें टाकून देणें हा उतावळेपणा होय. गीत दुःखाचें माप सांगतें, उतारूंचें नव्हे; ज्या प्रश्नाचें तें उत्तर नाहीं तो प्रश्न त्याला विचारला तर दोष विचारणाऱ्याचा.

उलट, कागद आहे म्हणून आंकडा पक्का असेंही नाहीं. १९१२ सालीं बुडालेल्या ‘टायटॅनिक’वरील उतारूंच्या नांवनिशीवार याद्या होत्या, तरीही अमेरिकन चौकशीनें मृतांची संख्या १५१७ धरली व ब्रिटिश चौकशीनें १४९०. नांवांच्या याद्या असतां ही अवस्था, तर आपल्या डेकवरील उतारूंविषयीं काय बोलावें? तिकिटांची संख्या ही माणसांची संख्या नव्हे. कडेवरचें मूल तिकिटांत येत नाहीं. खलाशी, भंडारी, बोटीवर खाद्यपदार्थ विकणारा फेरीवाला हे तिकिटांत येत नाहींत. आणि तिकीट काढून ऐन वेळीं मागें राहिलेला मात्र त्यांत येतो. म्हणून पहिला नियम असा कीं, कोणताही आंकडा त्याच्या उगमासह व तारखेसह लिहावा. निरनिराळ्या उगमांचे आंकडे मिसळून त्यांची सरासरी काढूं नये. घटनेनंतर दुसऱ्या दिवसाच्या वृत्तपत्रांतील आंकडा, महिन्यानंतरचा आंकडा, चौकशीचा आंकडा व लोकांच्या तोंडचा आंकडा हे चार निराळे साक्षीदार आहेत. चौघांची जबानी निरनिराळी लिहून घ्यावी.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा. गणती वरून खालीं न करतां खालून वर करावी. म्हणजे ‘इतके गेले’ येथून आरंभ न करतां ‘अमुक गांवचा अमुक गेला’ येथून आरंभ करावा. सहाशें हा आंकडा कोणीही लिहूं शकतो. सहा नांवें पुराव्यानिशीं लिहिणें हें संशोधन होय.

(३) कागद कोठें शोधावे

नांवें मिळवावयाचीं तर प्रथम दप्तरांचा भूगोल ध्यानीं घ्यावा. सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वांत आला तो १ मे १९८१ रोजीं. तत्पूर्वीं मालवण, देवगड, वेंगुर्लें हे तालुके रत्नागिरी जिल्ह्यांत होते, आणि सावंतवाडी हें निराळें संस्थान होतें. तेव्हां १९२७ सालच्या वेंगुर्ल्याच्या उतारूचा कागद एका दप्तरांत, तर त्याच पडावांतून बोटीवर चढलेल्या सावंतवाडीकराचा दुसऱ्याच दप्तरांत असणार. एकच दप्तर पाहून ‘पुरावा नाहीं’ असा निर्णय देणें युक्त नव्हे.

गांवपातळीवर जन्ममृत्यूची वही, म्हणजे गांव नमुना नंबर १४, सर्वांत आधीं पाहिली जाते. परंतु ती गांवांत झालेल्या मृत्यूंची वही आहे. समुद्रांत गेलेला मनुष्य, ज्याचें प्रेत हातीं आलें नाहीं, तो तींत बहुधा सांपडणार नाहीं. त्याचा माग दुसरीकडे लागतो, आणि तेथें कायद्याचें ज्ञान उपयोगी पडतें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणें, ज्याची खबर ज्यांना स्वाभाविकपणें मिळाली असती त्यांना सात वर्षें मिळाली नाहीं, तो जिवंत आहे हें सिद्ध करण्याचा भार तसें म्हणणाऱ्यावर पडतो. (१ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा नव्या कायद्यानें घेतली, हा नियम त्यांतही आहे.) आतां विचार करावा. १९२७ च्या नोव्हेंबरांत बुडालेल्या मनुष्याच्या नांवावरील जमीन वारसांच्या नांवें होते ती कधीं? तो बोटीवर होता हें परिस्थितीवरून सिद्ध झालें तर लवकर. न झालें तर १९३४ च्या नोव्हेंबरानंतर. तसेंच ‘रामदास’च्या बाबतींत १९५४ च्या जुलैनंतर. म्हणून फेरफाराची नोंदवही, म्हणजे नमुना ६, व वारस प्रकरणांची वही, म्हणजे ६-क, या अपघाताच्या सालच्याच पाहून मिटूं नयेत. सात-आठ वर्षें पुढेंपर्यंत पाहाव्या. बुडालेला मनुष्य कागदावर पुष्कळदां उशिरां मरतो.

दुसरें साधन मनीऑर्डरीचें. चाकरमान्याच्या घरीं मुंबईहून महिन्याच्या महिन्यास पैसे येत, व त्या कुपनावर दोन ओळी लिहिलेल्या असत. अशीं कुपनें जेथें जपून ठेवलीं आहेत तेथें शेवटच्या कुपनाची तारीख हा स्वतंत्र पुरावा आहे. तिसरें साधन मुंबईंतील ग्रामस्थ मंडळांचें. त्यांच्या कीर्दी, वर्गणीच्या याद्या, गांवकीच्या खोलींत राहणाऱ्यांचे हिशेब यांत एखादें नांव एका महिन्यानंतर एकाएकीं थांबतें. थांबलेलें नांव हा पुरावा नव्हे, पण शोधाची दिशा खास आहे. चौथें साधन वृत्तपत्रांचें. १९२७ साठीं सावंतवाडीचें ‘वैनतेय’, रत्नागिरीचें ‘बळवंत’ व पुण्याचा ‘केसरी’ यांचे ओळीनें सहा आठवड्यांचे अंक पाहावे. एकच अंक पाहूं नये. पांचवें, सरकारी चौकशीचें कागद. ते वाचतांना चौकशीचा हेतु विसरूं नये. बोटीचा मालक व कप्तान यांजकडे दोष किती, हें ठरविण्यासाठीं ती असते. डेकवर कोण बसलें होतें हा तिचा प्रश्नच नव्हता. येथेंही मोत्यें व मोहरा आहेत, खुर्दा नाहीं.

(४) तोंडी हकीगत व तिचा ताळा

कागद संपले म्हणजे माणसांची स्मृति उरते. तारीख बहुतेकांस आठवत नाहीं. तिथि आठवते, कारण श्राद्ध तिथीस होतें. ‘वीजळी’ बुडाली त्या दिवसाची तिथि गुजरातेंत कार्तिक शुद्ध पंचमी अशी सांगतात, आणि पंचांगाशीं ताडून पाहतां ८ नोव्हेंबर १८८८ शीं ती जुळते. ज्या लोकस्मृतीनें साडेसातशेंचे तेराशें केले, तिनेंच तिथि मात्र अचूक राखिली. साक्षीदार कोणत्या बाबतींत विश्वसनीय व कोणत्या बाबतींत नाहीं, हें असें एकेका गोष्टीपुरतें ठरवावें लागतें. सरसकट मान्य किंवा सरसकट त्याज्य असा साक्षीदार नसतो.

तथापि तिथीचा पुरावाही डोळसपणें घ्यावा. ज्याची मृत्युतिथि ठाऊक नाहीं त्याचें श्राद्ध अमावास्येस करण्याचा शास्त्राधार आहे. आतां ‘रामदास’ बुडाली ती आषाढी अमावास्येच्या तोंडावर. अमुक घरीं आषाढी अमावास्येस श्राद्ध होतें म्हणून त्या घरचा मनुष्य ‘रामदास’वर होता, असा निष्कर्ष काढला तर तो ढासळण्याचा संभव मोठा, कारण तिथि अज्ञात असल्यामुळेंही तें श्राद्ध अमावास्येस होत असेल. घातचतुर्दशीस होणारें श्राद्ध अपमृत्यूचा पुरावा देतें, दिवसाचा देत नाहीं. ज्याचें प्रेत मिळालें नाहीं त्याच्यासाठीं पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधि करितात. त्याचें टिपण उपाध्यायाच्या वहींत असेल तर तें मौल्यवान समजावें. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या हेंही असेंच साधन. ख्रिस्ती उतारूंसाठीं देवळांतील नोंदवह्या व मुसलमान उतारूंसाठीं जमातीचे कागद पाहावे. नाहीं तर आपली गणती एका समाजापुरतीच राहील.

दुसरा ताळा ऋतूचा. दक्षिण कोंकणाची आगबोट पावसाळ्यांत बंद असे. जुलै महिन्यांत मालवणाहून किंवा मालवणास बोट जात नसे. ‘रामदास’ त्या दिवशीं रेवसच्या फेरीवर होती, व तिजवरील लोक मुख्यत्वें अलिबाग-पेणकडचे. तेव्हां ‘आमचा आजा रामदासवर गांवीं येतांना बुडाला’ असें मालवण तालुक्यांत कोणी सांगितलें, तर तें जसेंच्या तसें घेतां येणार नाहीं. तो दुसऱ्या कामासाठीं रेवसकडे निघाला असेल; किंवा तो १९२७ सालचा असेल व अधिक प्रसिद्ध बोटीचें नांव त्याच्या मृत्यूस मागाहून चिकटलें असेल; किंवा, आणि हा तिसरा पर्याय बोलून दाखविण्यास कठीण आहे, तो कोणत्याच बोटीवर नसेल.

(५) संशोधकाचा धर्म

या तिसऱ्या पर्यायापाशीं पद्धतीचा प्रश्न संपतो व धर्माचा प्रश्न सुरू होतो. समजा, एका घरीं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले कीं कर्ता पुरुष समुद्रांत गेला. त्याची बायको त्या एका वाक्यावर विधवा झाली, तिनें कुंकू पुसलें, मुलें वाढविलीं, श्राद्ध चालू ठेविलें. संशोधकास कागदांत असें आढळलें कीं त्या दिवसानंतरही तो मनुष्य मुंबईंत वर्गणी भरीत होता. आतां त्यानें काय करावें? सत्य तें छापावें, असें एक पक्ष म्हणेल. दडपावें, असें दुसरा. प्रस्तुत लेखकाच्या मतें दोन्ही पक्ष दोन निराळ्या गोष्टी एकत्र करितात. इतिहासाची मागणी एवढीच कीं जो बुडाला नाहीं तो बुडालेल्यांत मोजला जाऊं नये. त्या घराची अब्रू चव्हाट्यावर मांडा, अशी मागणी इतिहास करीत नाहीं. म्हणून तें नांव गणतींतून काढावें; लेखांत ‘इतक्या हकीगती ताळ्यास उतरल्या नाहींत’ एवढें गांवाचें नांव न घेतां लिहावें; आणि पुरावा सीलबंद करून, किती वर्षें उघडूं नये तें वर लिहून, संस्थेच्या दप्तरीं ठेवावा. खोटें लिहूं नये हें संशोधकाचें व्रत आहे. खरें तें सर्व आजच लिहावें, हें व्रत नव्हे.

संग्राहकांस एक गोष्ट स्पष्ट सांगणें प्राप्त आहे. आपण सनदा व बखरी मिळवितों त्या रीतीनें हे कागद मिळवूं नयेत. सनदेचा मूळ धनी जाऊन दोनशें वर्षें झालेलीं असतात. शेवटच्या मनीऑर्डरीचें कुपन मात्र ज्या पेटींत असतें ती पेटी अजून कोणीतरी दिवाळीस उघडतें. असा कागद विकत मागूं नये; गरजू घरास पैशाचा मोह घालून तर कधींच मागूं नये. प्रतिमा घ्यावी, मूळ तेथेंच ठेवावें, प्रतिमेची एक प्रत त्या घरीं द्यावी, आणि काय छापणार तें छापण्यापूर्वीं वाचून दाखवावें. नको म्हणाले तर तेथून उठावें. वस्तूंविषयींही तेंच. समुद्रतळावरून वर काढलेला भांड्याचा वा दिव्याचा तुकडा कपाटांत मिरविण्याची हौस आतां वाढत आहे. बुडालेली बोट हें पुष्कळांचें एकच थडगें आहे, हें विसरूं नये. प्रेतांचीं छायाचित्रें संशोधनासाठीं पाहावीं, पण छापूं नयेत.

कागद किंवा वस्तु आपल्या हातीं आलीच, तर तिची सांगड तोडूं नये. ‘टायटॅनिक’च्या वेळीं हॅलिफॅक्स येथील नोंदणी अधिकारी जॉन हेन्री बार्नस्टेड यानें अशी व्यवस्था लावली कीं, प्रत्येक प्रेतास एक क्रमांक, आणि त्याच्या अंगावरील वस्तूंच्या पिशवीस तोच क्रमांक. १९१७ सालीं त्याच शहरांत भयंकर स्फोट झाला तेव्हां हीच पद्धति पुनः उपयोगी पडली. तेथेंच एका अनोळखी बालकाचे जोडे एका पोलीस अंमलदारानें न जाळतां जपून ठेविले होते. त्या बालकाची ओळख प्रथम एक ठरली होती. जोड्यांच्या मापावरून शंका आली, आनुवंशिक परीक्षा फिरून झाली, आणि २००७ सालीं खरें नांव निश्चित झालें. जोडे मोलाचे नव्हते. ते कोणाचे व कोठून आले ही सांगड तुटली नव्हती, म्हणून पंचाण्णव वर्षांनीं एका बालकास त्याचें नांव परत मिळालें. आपल्या संग्रहांतील कित्येक रुमालांविषयीं असें म्हणतां येईल काय, याचा प्रत्येकानें आपल्याशीं विचार करावा.

दोषारोपाविषयीं थोडें. अशा प्रत्येक अपघातांत लोक एक अपराधी शोधतात. बहुधा तो कप्तान असतो, आणि बहुधा तोही बोटीबरोबर गेलेला असतो. चौकशीनें जें सिद्ध केलें तें चौकशीच्या नांवानें लिहावें. लोक जें म्हणत तें लोकांच्या नांवानें लिहावें. आपण न्यायाधीश होऊं नये. बोटीवर माणसें किती चढविलीं, हवा पाहून बंदर सोडलें कीं नाहीं, तराफे किती होते, हे प्रश्न मृत मनुष्यास शिक्षा देण्यासाठीं नसून पुढील बोट सुखरूप पोंचावी यासाठीं आहेत.

(६) उपसंहार

मालवण किनाऱ्यापुरतें तूर्त करण्याजोगें काम हें कीं, एकेका गांवाची एकेक वही करावी. तींत नांव, वाडी, बोट, सांगणाऱ्याचें नातें, कागदी पुरावा, तिथि, ताळ्याचा निकाल, आणि छापण्यास अनुमति आहे किंवा नाहीं, असे आठ रकाने असावेत. आठवा रकाना भरल्याशिवाय पहिला उघड करूं नये. ज्यांना आजा-पणज्यांकडून या हकीगती प्रत्यक्ष ऐकावयास मिळाल्या तीं माणसें आतां वृद्ध झालीं आहेत. कागद आणखी शंभर वर्षें टिकतील, तीं टिकणार नाहींत. म्हणून दप्तरें मागाहून पाहिलीं तरी चालेल, माणसें आधीं पाहावीं. अशा दहा गांवांच्या जरी वह्या झाल्या, तरी आजवर जो खुर्दा म्हणून मोजल्यावांचून सोडला गेला, त्यांतील कांहीं नाणीं तरी नांवानिशीं हातीं येतील.